कृष्णेच्या उजव्या काठाने: आपल्या हायवेची गोष्ट

शिरवळपासून कागलपर्यंत कुणालाही विचारा, हायवेचं नाव ‘एनएच फोर’, नाहीतर नुसतं ‘पुणे-बेंगलोर’. पाट्यांवर मात्र गेली कित्येक वर्षं ४८ हा आकडा आहे. २०१० साली केंद्र सरकारने देशातल्या सगळ्या राष्ट्रीय महामार्गांना नव्याने आकडे दिले, त्यात आपला चार गेला. तो आता अंदमानातल्या रस्त्याला आहे. जुना चार ठाण्याजवळ सुरू होऊन पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बेंगळुरू करत चेन्नईला संपायचा. दिल्लीहून मुंबईला येणारा रस्ता वेगळा होता आणि त्याचा आकडा आठ. नव्या पद्धतीत दोन्ही जोडून एकच केला आणि दिल्ली, जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, बेंगळुरू, चेन्नई असा सुमारे २,८०० किलोमीटरचा ४८ तयार झाला. बेंगळुरूच्या पुढची वाटही बदलली. जुना चार कोलार-चित्तूरवरून जायचा, आताचा ४८ कृष्णगिरी-वेल्लोरवरून जातो.

आकडे वाटेल तसे दिलेले नाहीत. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यांना सम आकडे, आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. म्हणून देशाच्या मधून श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा ४४, त्याच्या पश्चिमेला आपला ४८, आणि अगदी समुद्राकडेने पनवेलहून कन्याकुमारीला जाणारा ६६. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम आकडे, आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. पुणे-सोलापूर-हैदराबाद रस्ता ६५ आहे तो त्यामुळेच. तीन आकडी क्रमांक दिसला की तो फाटा समजायचा. शेवटचे दोन आकडे मुख्य रस्त्याचे, पहिला आकडा फाट्याचा. रत्नागिरीहून कोल्हापूर, मिरजेकडे येणारा १६६ हा ६६ चा फाटा. गुहागर, चिपळूण, कराड, विटा, जत करत विजापूरला जाणारा १६६-ई त्याच घराण्यातला. एवढं लक्षात ठेवलं की अनोळखी पाटीसमोरही आपण साधारण कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहोत ते कळतं. मैलाचा दगडही बोलतो: वर पिवळा रंग असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग.

आकड्याचं एवढं पुरे. हा रस्ता नेमका इथूनच का जातो, हा जास्त मजेचा प्रश्न आहे. त्यासाठी रस्त्यांचा नकाशा बाजूला ठेवून नद्यांचा नकाशा घ्यायचा.

पुण्याकडून येताना सारोळ्याच्या पुलावर नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपतो आणि सातारा लागतो. मग शिरवळ, खंडाळा, आणि समोर आडवा डोंगर. हा महादेव डोंगररांगेचा फाटा, आणि त्यात खंबाटकी घाट. बहुतेक प्रवाशांना हा घाट म्हणजे ट्रकांच्या मागे रांगत काढायची दहा-वीस मिनिटं. पण पाण्याच्या दृष्टीने ही मोठी सीमा आहे. घाटाच्या उत्तरेला पडलेला पाऊस नीरेत जातो, नीरा नरसिंगपूरला भीमेला मिळते, आणि भीमा पार रायचूरकडे जाऊन कृष्णेत मिसळते. दक्षिणेला पडलेला पाऊस वेळे-सुरूरकडून थेट कृष्णेच्या खोऱ्यात उतरतो. एकाच डोंगराच्या दोन अंगांना पडलेलं पाणी शेकडो किलोमीटर वेगवेगळं फिरून मग भेटतं.

घाट उतरल्यावर सुरूर. इथून वाई, पाचगणी, महाबळेश्वरचा रस्ता फुटतो, आणि शनिवार-रविवारी सगळी मुंबई-पुण्याची गर्दीही इथेच फुटते. पुढे भुईंज, आणि भुईंजला कृष्णा. इथे रस्ता नदी ओलांडून तिच्या उजव्या काठावर जातो. नदी वाहते त्या दिशेला तोंड केलं की उजव्या हाताची बाजू, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेची, ती उजवा काठ. आणि एकदा उजव्या काठावर गेलेला हा रस्ता पुन्हा कृष्णा ओलांडत नाही. साताऱ्यात नाही, सांगलीत नाही, कोल्हापुरात नाही, कर्नाटकातही नाही.

त्याची किंमत म्हणून तो उजवीकडून कृष्णेला येऊन मिळणाऱ्या नद्या मात्र एकामागून एक ओलांडत जातो. साताऱ्याच्या तोंडाशी वाढे फाट्याजवळ वेण्णा. काशीळच्या बाजूला उरमोडी. उंब्रजला तारळी. कराडात शिरायच्या आधी कोयना. वाळवा तालुका संपताना वारणा, तीच सांगली-कोल्हापूरची हद्द. शिरोलीला पंचगंगा. मग दूधगंगा आणि वेदगंगा, संकेश्वरला हिरण्यकेशी, पुढे घटप्रभा आणि मलप्रभा, आणि पार हरिहरला तुंगभद्रा. या सगळ्या नद्या शेवटी कृष्णेच्याच. सह्याद्रीत उगम पावून पूर्वेला वाहणाऱ्या नद्यांची ही मालिका आणि त्यांना आडवा छेद देत दक्षिणेला जाणारा रस्ता, असं चित्र डोळ्यासमोर आणलं तर सातारा ते चित्रदुर्ग हा सगळा टापू एका ओळीत बसतो.

ही ओळ इथेच का? फार पश्चिमेला सरकलं की सह्याद्रीच्या सोंडा आडव्या येतात. पाटण, जावळी, शिराळ्याच्या बाजूला दर दोन-चार कोसांवर चढ-उतार, शिवाय मुसळधार पाऊस. फार पूर्वेला सरकलं तर जमीन सपाट मिळते, पण तिथे नद्या रुंद झालेल्या असतात आणि मोठे पूल लागतात. माण-खटावकडे तर गावं विरळ आणि पाण्याची वानवा. मधली पट्टी अशी आहे की डोंगराच्या सोंडा संपत आल्या आहेत, नद्या अजून बेताच्या रुंद आहेत, आणि वाई, सातारा, कराड, कोल्हापूर अशी जुनी पेठेची गावं तिथेच आहेत. गावं आधी की वाट आधी, हा वाद घालण्यात अर्थ नाही. दोघांनाही त्याच पट्टीने धरून ठेवलं.

रेल्वेने मात्र वेगळा विचार केला, आणि त्याचे परिणाम आपण आजही भोगतो. १८८०च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने पुण्याहून दक्षिणेला मीटर गेजची लाइन टाकली. आगगाडीला चढ सोसत नाही. ट्रक जो चढ धापा टाकत का होईना चढतो, तिथे इंजिनाची चाकं रुळावर घसरतात. म्हणून लाइन खंबाटकीच्या वाटेला गेलीच नाही. ती नीरा, लोणंदवरून आदर्कीच्या बाजूने वळसे घेत डोंगर चढली, वाठारला उतरली, आणि कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, किर्लोस्करवाडी, भिलवडी करत सांगली-मिरजेला गेली. म्हणजे कृष्णेच्या डाव्या काठाने. साताऱ्याचं स्टेशन गावापासून लांब, नदीपलीकडे माहुलीच्या बाजूला आहे, आणि कराडचं ओगलेवाडीला, तेही नदीपलीकडेच. स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याशी घासाघीस करणाऱ्या प्रत्येक सातारकराचं दुखणं दीडशे वर्षांपूर्वीच्या चढाच्या हिशेबातून आलेलं आहे.

सांगलीचं उलटं झालं. सांगली आणि मिरज रेल्वेवर आहेत, पण हायवेवर नाहीत. सांगली जिल्ह्याला हा महामार्ग फक्त वाळवा तालुक्यात लागतो. कासेगाव, नेर्ले, पेठ, कामेरी, येलूर, आणि झाला जिल्हा. सांगलीला जायचं तर पेठ नाक्यावर वळायचं आणि इस्लामपूर, आष्टामार्गे चाळीसेक किलोमीटर आणखी. हा सांगली-पेठ रस्ता वर्षानुवर्षं किती खराब होता हे सांगलीकरांना सांगायला नको. जिल्ह्याचं मुख्य ठिकाण राष्ट्रीय महामार्गाला जोडणाऱ्या रस्त्याकडे इतकी वर्षं दुर्लक्ष होतं, याचं एक कारण मला तरी हेच वाटतं की हायवे जिल्ह्यातून जातो असं कागदावर म्हणता येत होतं.

आता इतिहास. वाट म्हणून ही पट्टी फार जुनी आहे. कराडचं जुनं नाव करहाटक. मध्य भारतातल्या भारहुतच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यात ‘करहाकट’ म्हणजे याच गावच्या लोकांची नोंद आहे. ख्रिस्तपूर्व काळातली ही गोष्ट. इतक्या लांब दान पाठवणाऱ्या गावाला व्यापाराच्या वाटा असणारच. कराडजवळ जखिणवाडीच्या डोंगरात आगाशिवची बौद्ध लेणी आहेत. मलकापूरच्या उड्डाणपुलाच्या कामात अडकलात तर पश्चिमेला मान वळवून तो डोंगर बघता येतो. शिरवळलाही लेणी आहेत. व्यापारी वाटांच्या कडेला भिक्षूंच्या मुक्कामाची लेणी हा सह्याद्रीतला नेहमीचा प्रकार.

पण ‘वाट’ म्हटलं की आजच्या रस्त्याचं चित्र डोळ्यासमोर आणायचं नाही. माल बैलांच्या पाठीवर जायचा. लमाणांचे तांडे, गोण्या लादलेले बैल, घोडी. बैल पाठीवर ओझं घेऊन जवळजवळ कुठल्याही घाटाने चढतो, त्यामुळे एकच एक ‘हायवे’ असायची गरजच नव्हती. पुण्याहून साताऱ्याला यायला कात्रज होता, तसाच दिवे घाटाने सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद आणि मग साल्प्याचा घाट असाही मार्ग होता. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला आणि पुढे पेशव्यांनी पुण्यात बस्तान बसवलं, तेव्हा या दोन गावांमधली ये-जा साहजिकच वाढली. छत्रपती एका गावात, कारभार दुसऱ्या गावात. जासूद, कारकून, फौजा सारख्या रस्त्यावर.

खरा बदल चाकामुळे झाला. इंग्रजांना तोफा आणि बैलगाड्या न्यायच्या होत्या, आणि गाडीला बेताचा चढ, पक्कं तळ आणि पूल लागतात. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. प्रतापसिंह महाराजांच्या काळात सातारा-महाबळेश्वर बाजूला रस्त्यांची कामं झाली. १८३० मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला, आणि मुंबईची गाडी पुण्याच्या पठारावर चढू लागली. १८४८ मध्ये वारस नामंजूर करून सातारचं राज्य खालसा झालं. त्यानंतर पुणे ते बेळगाव आणि पुढे बेंगळुरू हा रस्ता इंग्रजांच्याच देखरेखीखाली बांधून काढता आला. या रस्त्यावरची गावं बघा: पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बेंगळुरू. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी कॅम्प किंवा छावणी. व्यापारासाठी रस्ता झाला हे खरं, पण छावणीतून छावणीत फौज आणि टपाल वेळेवर पोचावं ही निकड त्याच्याआधीची. साल्प्याची वाट मागे पडून खंबाटकीची पुढे आली ती याच काळात. बेळगाव, हुबळी, दावणगेरेत आजही गावातल्या जुन्या रस्त्याला ‘पी. बी. रोड’ म्हणतात. पी म्हणजे पूना, बी म्हणजे बेंगलोर.

मोटारी आल्यावर या रस्त्यांचे हाल सुरू झाले. लोखंडी धाव असलेल्या चाकासाठी केलेली खडीची वाट रबरी टायरखाली उखडायला लागली आणि धुरळा उडायला लागला. दुरुस्तीला पैसा कुणी द्यायचा? १९२७ मध्ये सरकारने एक समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. हेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, विद्यापीठाचं ग्रंथालय त्यांच्या नावाने आहे. जयकर समितीने सांगितलं ते असं: रस्त्यांचा भार स्थानिक संस्थांच्या कुवतीबाहेर गेला आहे, केंद्राने त्यात उतरावं, आणि पेट्रोलवर जादा कर लावून तो पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. आज पंपावर आपण पेट्रोल-डिझेलमध्ये रस्त्यांचा उपकर भरतो, त्याची सुरुवात तिथली. पुढे १९४३ मध्ये नागपूरला देशभरातले मुख्य अभियंते जमले आणि त्यांनी रस्त्यांची प्रतवारी ठरवली: राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि गावरस्ते. स्वातंत्र्यानंतर १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा झाला आणि पुणे-बेंगळुरू रस्ता ‘चार’ म्हणून कायम झाला.

त्यानंतरची चाळीस वर्षं पटकन सांगून संपतात. दुपदरी डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना वडाची झाडं, समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे, आणि प्रत्येक गावाच्या पोटातून जाणारी वाहतूक. १९९९ मध्ये अटलबिहारी वाजपेयींच्या सरकारने सुवर्ण चतुष्कोन हाती घेतला: दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणारा ५,८४६ किलोमीटरचा चौपदरी रस्ता. त्यातल्या मुंबई-चेन्नई बाजूवर आपण येतो. सातारा ते कागल भागाचं काम राज्य रस्ते विकास महामंडळाकडे होतं. बायपास झाले, दुभाजक आले, उड्डाणपूल आले, आणि वड गेले.

चौपदरी रस्त्याला खंबाटकी पुरेना. घाटातली जुनी वाट दोन्ही दिशांच्या चार पदरांना रुंद करायची तर डोंगर फार कापावा लागला असता. म्हणून साताऱ्याहून पुण्याला जाणाऱ्यांसाठी बोगदा काढला आणि पुण्याहून येणाऱ्यांना जुना घाट ठेवला, दोन्ही एकेरी. पण बोगद्यातून बाहेर पडल्यावर खंडाळ्याकडे उतरताना जी वळणं दिली, ती ‘एस’ आकाराची. तिथे इतके अपघात झाले की ‘एस वळण’ हे त्या जागेचं नावच झालं. २०१८ च्या एप्रिलमध्ये कर्नाटकातून येणारा मजुरांचा टेम्पो तिथे उलटला आणि अनेकांचा जीव गेला.

असं वळण घातक का असतं? वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला फेकली जाते, म्हणून रस्त्याची बाहेरची कड थोडी उचललेली असते. एकच वळण असेल तर गाडी एका अंगावर कलते आणि सरळ होते. लगेच उलट दिशेचं दुसरं वळण आलं तर रस्त्याचा उतार पालटतो आणि गाडीचा तोलही पालटतो. उंच माल भरलेला ट्रक पहिल्या वळणावर डावीकडे झुकला असेल, तर सरळ व्हायच्या आतच त्याला उजवीकडे झोकांडी बसते. त्यात उतार, म्हणजे वेग आधीच वाढलेला. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकलेली असेल तर इंजिनाचा आवर नाही, सगळा भार ब्रेकवर, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. या तीन गोष्टी एका जागी आल्या की चालकाच्या हातात फारसं उरत नाही. ‘वाहन सावकाश चालवा’ची पाटी हा त्यावर उपाय नव्हे. रस्त्याची आखणीच बदलावी लागते. आता खंबाटकीत प्रत्येकी तीन पदरांचे दोन नवे बोगदे हाती घेतले आहेत ते यासाठीच. त्यांच्या आखणीत ते वळण टळतं.

सहापदरीकरणाची गोष्ट मात्र लांबण लावणारी. देहूरोड ते सातारा या १४० किलोमीटरच्या भागाचं काम २०१० मध्ये सुरू झालं आणि ठरलेली मुदत उलटून कितीतरी वर्षं चाललं. टोल चालू, काम अर्धवट, सर्व्हिस रोडवर खड्डे, आणि पावसाळ्यात उड्डाणपुलांच्या तोंडाशी तळी. साताऱ्याच्या दक्षिणेला शेंद्रे ते पेठ नाका आणि पेठ नाका ते कागल असे दोन तुकडे करून काम दिलं आहे. कराडजवळ मलकापूरला जुना उड्डाणपूल पाडून त्या जागी खांबांवरचा लांब पूल घेतला, कारण भरावाचा उड्डाणपूल गावाचे दोन तुकडे करतो आणि खांबांवरचा पूल खालून माणसांना जाऊ देतो.

रुंदीकरण म्हटलं की जमीन आली, आणि जमीन म्हटलं की वर्तमानपत्रातल्या त्या बारीक अक्षरातल्या जाहिराती. ज्यांचं शेत रस्त्याला लागून आहे त्यांनी हे क्रम लक्षात ठेवावेत. १९५६ च्याच कायद्यात कलम ३-ए आहे. त्याची अधिसूचना म्हणजे सरकारने इरादा जाहीर केला, जमीन अजून तुमचीच आहे. तिथपासून २१ दिवसांत ३-सी खाली हरकत घेता येते. गावाकडे हेच दिवस ‘बघू, अजून कुठं काय’ म्हणण्यात जातात. मग ३-डी निघते, आणि ती प्रसिद्ध झाली की जमिनीची मालकी केंद्र सरकारची होते. ३-जी खाली मोबदला ठरतो. २०१५ पासून या कायद्यालाही २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे मोबदल्याचे नियम लागतात, म्हणजे ठरलेल्या किमतीवर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. विहीर, झाडं, पाइपलाइन, गोठा यांची मोजणीत नोंद झाली आहे ना, हे मोजणीच्या दिवशी बांधावर उभं राहूनच बघावं लागतं.

टोलचं गणितही थोडक्यात. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी हे आपले नाके. २००८ च्या नियमांप्रमाणे एकाच रस्त्यावर दोन नाक्यांमध्ये साधारण ६० किलोमीटर अंतर असावं, पण त्याला अपवाद ठेवलेले आहेत. दर १ एप्रिलला दर वाढतात: तीन टक्के ठरलेले, आणि त्यावर घाऊक महागाईच्या वाढीचा ४० टक्के हिस्सा. म्हणून रस्ता जसाच्या तसा असला तरी टोल वाढतोच. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी गाड्यांना मासिक पास मिळतो. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींना ३,००० रुपयांत वर्षभराचा किंवा २०० फेऱ्यांचा पासही सुरू झाला. दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना टोल नाही.

ट्रॅक्टर म्हटल्यावर ऊस आलाच. भुईंजला किसन वीर कारखाना, शेंद्रेला अजिंक्यतारा, रेठऱ्याला कृष्णा, साखराळ्याला राजारामबापू. नोव्हेंबर ते मार्च हायवेवर दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, मागे लाल दिवा असला तर नशीब. शंभरच्या वेगाने जाणारी मोटार आणि पंधराच्या वेगाने जाणारी ट्रॉली एकाच पदरात, तेही रात्री. हा हायवे दिल्ली-चेन्नईचा असला तरी त्याचा सर्वांत जास्त वापर करणारी माणसं एका गावातून पाचव्या गावात जाणारी आहेत. सर्व्हिस रोड सलग आणि नीट असतो तिथे हा प्रश्न निम्मा सुटतो. जिथे तो मध्येच ओढ्यापाशी संपतो, तिथे ट्रॅक्टरवाल्याला हायवेवर यावंच लागतं, आणि अनेकदा उलट्या दिशेने.

फाटा ही या रस्त्याने घडवलेली वसाहत आहे. गाव आत दोन-तीन किलोमीटरवर, नदीकाठी. एसटी थांबायची हायवेवर. थांब्यापाशी आधी एक टपरी, मग पंक्चरवाला, मग खताचं दुकान, मग हॉटेल, मग पतसंस्थेची शाखा. वीस-तीस वर्षांत पंचक्रोशीचा बाजारच फाट्यावर येतो. चौपदरी आणि सहापदरी झाल्यावर फाट्याला दुसरं वळण लागलं. भुयारी मार्ग दिला तिथे फाटा टिकला. दिला नाही तिथे दुभाजकामुळे अर्धी गिऱ्हाइकं पलीकडेच राहिली. म्हणून रुंदीकरणाच्या वेळी गावोगावची आंदोलनं भुयारी मार्गासाठी असतात, उड्डाणपुलासाठी कमी. उड्डाणपूल झाला की गाड्या डोक्यावरून निघून जातात आणि खालच्या हॉटेलवाल्याला माश्या मारत बसावं लागतं.

उजव्या काठाने जाण्यातला मोठा धोका २०१९ मध्ये दिसला. ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ रस्त्यावर आलं आणि महामार्ग अनेक दिवस बंद राहिला. ट्रकांच्या रांगा कराडच्या बाजूपर्यंत थांबवाव्या लागल्या, गोव्या-कर्नाटकाकडचं दूध, भाजी, डिझेल सगळं अडलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. सगळ्या नद्या आडव्या ओलांडणाऱ्या रस्त्याची ही अडचण आहे, कारण एक नदी फुगली तरी सगळी वाट तुटते. उपाय म्हणून रस्ता उंच करायचा, तर तो कसा हा वाद आहे. मातीचा भराव घालून उंच केला तर तोच भराव पुराच्या पाण्याला बांधासारखा अडवतो आणि वरच्या गावांत फुगवटा वाढतो. खांबांवर उचलला तर पाणी खालून जातं, पण खर्च बराच वाढतो. कोल्हापूर भागातल्या लोकांची मागणी खांबांची आहे, आणि पूर पाहिलेल्या कुणालाही ती पटेल.

आता पुणे-बेंगळुरू दरम्यान सुमारे ७०० किलोमीटरचा एक पूर्ण नवा द्रुतगती मार्ग आखला आहे, आणि त्याची आखणी कृष्णेच्या पलीकडून आहे. खंडाळा, फलटण, कोरेगाव, खटाव, मग खानापूर, तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ. म्हणजे बराचसा दुष्काळी पट्टा, जिथून दीडशे वर्षांत रेल्वे कडेकडेने गेली आणि महामार्ग गेलाच नाही. जमीन मोकळी, वस्ती विरळ, पूर कमी, त्यामुळे अभियंत्याच्या दृष्टीने हिशेब सोपा. पण द्रुतगती मार्गावर मध्येच कुठेही चढता येत नाही. दोन्ही बाजूंना कुंपण, आणि ठरावीक अंतरावरच आत-बाहेर जायची सोय. ती कुठे मिळणार यावर खटाव-तासगावच्या गावांचं पुढचं गणित ठरेल. बाकीच्यांच्या शिवारातून रस्ता जाईल, पण त्यांना त्यावर फाटा नसेल.